शब्दचर्चा: उत्पादन फलनातलं ‘भांडवल’ नेमकं कुठलं?

वाणिज्यशाखावाली:
धाकट्या भावाला अर्थशास्त्र शिकवायला बसले आणि एका वाक्यावर गाडी अडली. ‘उत्पादन हे भांडवल व श्रम यांचे फलन आहे.’ तो विचारतो, भांडवल घातलं की उत्पादन फळाला येतं, असं का? आणि भांडवल म्हणजे पैसेच ना? मग पगारही त्यातूनच जातो, तर श्रम वेगळे कशाला मोजायचे?

गणितवेडा:
फळाला येण्याशी काही संबंध नाही. इतकी यंत्रं आणि इतकी माणसं दिली तर जास्तीत जास्त माल किती निघेल, हे सांगणारा नियम म्हणजे फलन. निघालेला माल म्हणजे नुसतं उत्पादन.

जुना हिशेबनीस:
भावाचा दुसरा प्रश्न खरा मुद्द्याचा आहे. आमच्या वहीत मालकाने घातलेली रक्कम ‘भांडवल’ म्हणून जमेच्या बाजूला बसते. भागभांडवल, खेळतं भांडवल, सगळा पैशाचाच व्यवहार. फलनातलं भांडवल शोधायचं तर नावेच्या बाजूला बघा: यंत्रं, हत्यारं, कारखान्याच्या इमारती. तसंच पगार म्हणजे पैसा. श्रम म्हणजे माणसं किंवा त्यांच्या कामाचे तास. त्यामुळे दोनदा मोजणी होत नाही.

पॉल डग्लस आणि चार्ल्स कॉब यांनी 1928 साली अमेरिकेच्या कारखानदारीवर जो लेख लिहिला, त्यात हेच केलंय. कच्चा माल, गोदामातला तयार माल, म्हणजे आपलं खेळतं भांडवल, त्यांनी सरळ वगळलं. श्रमासाठी मजुरीवर असलेल्या कामगारांची सरासरी संख्या धरली.

गणितवेडा:
डग्लस अर्थशास्त्री (पुढे सिनेटर झाले), कॉब गणिताचे प्राध्यापक. 1899 साल 100 धरलं, तर 1922 पर्यंत भांडवल 431, श्रम 161 आणि उत्पादन 240 झालं होतं. त्यांचं सूत्र असं: श्रमाचा 0.75 वा घात, गुणिले भांडवलाचा 0.25 वा घात, गुणिले 1.01. यंत्रं आणि माणसं दोन्ही दुप्पट केली तर मालही दुप्पट. नुसती यंत्रं दुप्पट केली तर वाढ जेमतेम 19 टक्के, नुसती माणसं दुप्पट केली तर 68 टक्के. शिवणयंत्रं वाढवून कारागीर तेवढेच ठेवले, तर काही यंत्रांवर कापडच चढणार नाही. पुस्तकातला ‘घटत्या फलाचा नियम’ तो हाच.

वाणिज्यशाखावाली:
हे भावाला पटलं. पण त्या 0.25 ला ‘लवचिकता’ का म्हणतात? ताणायचं काय त्यात?

गणितवेडा:
भांडवल 1 टक्का वाढलं की उत्पादन 0.25 टक्का वाढतं, एवढाच अर्थ. शब्द रुळलाय, आता वापरायचा. मागणीची लवचिकता (भाव 1 टक्का बदलला की मागणी किती टक्के बदलते) कळली असेल तर ही वेगळी शिकायला नको.

जुना हिशेबनीस:
आकडे इतके गुळगुळीत समजू नका हो. 1921 ची मंदी बघा. उत्पादन 231 वरून 179 वर घसरलं, कामगारांनाही नारळ मिळाला, आणि भांडवलाचा आकडा मात्र 407 चा 417 झाला! बंद पडलेलं यंत्रही ‘भांडवल’ म्हणून मोजलं गेलं. म्हणून मी शिकवताना ‘असलेलं भांडवल’ आणि ‘चालतं भांडवल’ असा फरक सांगतो. पुस्तकात हे शब्द नाहीत, पण पोरांना कळतं.

शिवाय माग आणि भट्टी यांची बेरीज करायची कशी? दोन्हींची किंमत लावून. म्हणजे ज्या पैशाला आपण दारातून घालवलं, तो खिडकीतून आत आला. इंग्लंडातल्या अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन यांनी 1950 च्या दशकात नेमकं यावरच बोट ठेवलं: भांडवल मोजायचं कुठल्या एककात? त्यावरून इंग्लंडातलं केंब्रिज आणि अमेरिकेतलं केंब्रिज इथल्या अर्थशास्त्रज्ञांत वर्षानुवर्षं जुंपली होती. मला विचाराल तर रॉबिन्सनबाईंचा प्रश्न आजही जागच्या जागी आहे. सूत्र सोयीचं म्हणून सगळे वापरतात.

वाणिज्यशाखावाली:
आणखी एक शब्द अडलाय, ‘सोलोचा अवशेष’. आम्हाला अवशेष म्हटलं की हडप्पाच आठवतं.

गणितवेडा:
अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी 1957 साली अमेरिकेचे 1909 ते 1949 चे आकडे घेतले. दर माणसी-तासाचं उत्पादन साधारण दुप्पट झालं होतं, आणि वाढलेल्या यंत्रांमुळे त्यातला आठवा हिस्साच समजावता आला. उरलेले सात हिस्से त्यांनी तंत्रातल्या बदलाच्या खात्यावर टाकले. ते ‘उरलेलं’ म्हणजे अवशेष. दुसरे अर्थशास्त्रज्ञ मोझेस अब्रामोविट्झ तर अशा उरलेल्या भागाला आपल्या अज्ञानाचं माप म्हणाले होते.

जुना हिशेबनीस:
आमच्याकडे ताळा जमला नाही की फरक ‘अनामत’ खात्यात टाकतात. भावाला तेच सांगा. परीक्षेत मात्र ‘अवशेष’च लिहू दे, नाहीतर गुण जायचे.