गच्चीच्या कठड्याला आडवी भेग, नुसता क्रॅक फिलर भरून चालेल का?

डोंबिवलीकर_सेक्रेटरी:
बिल्डिंग १९९४ ची, तळ अधिक चार मजले, गच्चीचा कठडा विटांचा. रंगाचं कोटेशन घ्यायला कंत्राटदाराला वर नेला तर रस्त्याच्या बाजूला स्लॅबच्या जरा वर लांबच लांब आडवी भेग दिसली, कोपऱ्यात पिंपळपण उगवलाय. तो म्हणतो फिलर भरून रंग मारतो, दिसणार पण नाही. खाली रिक्षा स्टँड आहे, शाळेची पोरं तिथूनच जातात, मला जाम टेन्शन आलंय. नक्की काय काय बघायचं?

साइट_इंजिनियर_ठाणे:
दादा, दिसणार नाही हीच तर भीती आहे. आधी आजच्या आज खालची जागा दोरी बांधून बंद करा, रिक्षावाल्यांना सांगून स्टँड बाजूला घ्या, कठड्यावरच्या कुंड्या उतरवा. उन्हात स्लॅब फुगतो, रात्री आखडतो, वरचं विटांचं काम त्याच्यासारखं हलत नाही मग जोडावर सुटतं, तिथून पावसाचं पाणी शिरतं आणि आत सळया असतील तर त्या गंजून फुगतात नि प्लास्टर ढकलतात. आतल्या बाजूने चार-पाच ठिकाणी ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन, भिंत सरळ उभी आहे का ते कळतं) लावा. कठडा बाहेर कललेला असेल किंवा भेगेच्या वरचा भाग पुढे सरकलेला असेल तर फिलरचा विषयच संपला, तेवढा भाग उतरवून नवीन बांधायचा. हलतो का बघायला धक्का बिलकुल देऊ नका, ओणवंही होऊ नका, बाहेरची बाजू समोरच्या बिल्डिंगमधून झूम करून फोटोत बघा. पिंपळ नुसता वरून छाटला तर परत फुटतो, मूळ भिंतीत असतं.

वरचा_मजला_पुणे:
उंचीपण मोजा. आमच्याकडे गळती थांबवायला जुन्या कोब्यावरच (गच्चीवरचा पाणी अडवणारा थर) नवा कोबा टाकला आणि कठडा तेवढाच बुटका झाला, लहान मुलं सहज चढतील असा. टेप आत्ताच्या फरशीपासून धरायची, मीटरभर तरी हवाच हवा.

सोसायटी_हिशोब:
तुमची ३० वर्षं उलटलीत. हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायटी चालवायचे नमुना नियम) १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, दर ५ वर्षांनी, त्यापुढे दर ३ वर्षांनी. तेव्हा कंत्राटदाराचं नको, स्ट्रक्चरल इंजिनियरचं लेखी घ्या. आणि गच्ची सगळ्यांची आहे, खर्च एकट्या वरच्या मजल्यावाल्यांवर टाकू नका.

डोंबिवलीकर_सेक्रेटरी:
खालची जागा बंद केली. ओळंबा लावला, कोपऱ्याजवळ बाहेर झुकलाय. नवीन बांधताना काय सांगू?

साइट_इंजिनियर_ठाणे:
मग तिथे कोणालाच जाऊ देऊ नका. उतरवताना बाहेरून परांची आणि जाळी लागेल, पावसाच्या आत उरका. नवीन कठड्यात मधे मधे आरसीसीचे खांब, त्यांच्या सळया खाली बीममध्ये नीट अँकर केलेल्या (आत घट्ट रोवलेल्या), वरून सलग आरसीसी पट्टी आणि तिचा उतार गच्चीकडे. खांब किती अंतरावर ते इंजिनियरकडून ड्रॉइंगवर घ्या. डिश अँटेनाचे बोल्ट कठड्यात परत मारू देऊ नका.