मदत हवी: फोंडा–वेर्णा रोजच्या फेरीसाठी सामायिक गाडी – इंधन, पैसे आणि परमिट

कुर्टीकर
गोव्यात फोंड्याहून वेर्णा औद्योगिक वसाहतीत जाणारे आम्ही १६ जण आहोत. कंपन्या तीन, पण शिफ्ट एकच, ८.३० ते ५.३०. सध्या ६ जण आपापल्या कारने एकेकटे जातात, ८ जण स्कूटरने आणि २ जण मडगावला बस बदलून. बोरी पुलावरून जाऊन-येऊन साधारण ५० किमी पडतात. १७ सीटची ट्रॅव्हलर महिन्याच्या बोलीवर घ्यायचा विचार आहे. गाडीवाला मडगावचा आहे. इंधन खरोखर वाचेल का, पैसे कसे वाटावेत आणि कागदपत्रांत काय बघावं? जाणकारांनी कृपया सांगावं.

चाक आणि हिशेब
इंधन वाचेल की नाही, हे गाडी रात्री कुठे उभी राहते आणि त्यात बसतं कोण, या दोन गोष्टींवर ठरेल.

आधी आजचा खर्च बघू. कार लिटरला १५ किमी धरली तर एका माणसाचं रोज ३.३ लिटर पेट्रोल जातं. स्कूटर ४५ किमी देत असेल तर १.१ लिटर. पेट्रोलच्या लिटरमध्ये सुमारे ९ युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जा असते, डिझेलमध्ये सुमारे १०. म्हणजे कारवाला ३० युनिट, स्कूटरवाला १०. सहा कार आणि आठ स्कूटर मिळून रोज २६० युनिट.

आता ट्रॅव्हलर. ती लिटरला १० किमी देईल. ५० किमीला ५ लिटर डिझेल, म्हणजे ५० युनिट. रोज १४ जण बसले तर माणशी साडेतीन. पण गाडी मडगावची असेल तर ती सकाळी रिकामी फोंड्याला येणार, तुम्हाला वेर्ण्यात सोडून मडगावला परत जाणार आणि संध्याकाळी हेच उलट. असे ६० किमी तरी रिकामे होतात. मग खर्च ११० युनिट आणि माणशी आठेक. चौघांनी एक कार नेली तरी माणशी साडेसातच पडतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कारवाले सहाही जण कारनेच जात राहिले आणि ट्रॅव्हलरमध्ये फक्त स्कूटरवाले व बसवाले आले, तर स्कूटरचे ८० युनिट वाचून डिझेलचे ११० जळतील. म्हणजे खप वाढला! स्कूटरवाल्यांची पावसाळ्यात भिजण्यातून सुटका होईल, रस्त्यावरचा धोकाही कमी होईल, ते मोलाचं आहेच. पण ऊर्जा वाचवायची असेल तर आधी कारवाल्यांना तयार करा. आणि फोंड्यात राहणाराच चालक शोधा, गाडी दिवसभर वेर्ण्यातच थांबेल असं बोलीत घाला.

परमिटवाला
कागदांबद्दल सांगतो. ट्रॅव्हलरला कॉन्ट्रॅक्ट कॅरेज परमिट हवं. त्यात संपूर्ण गाडी एका गटासाठी ठरवलेली असते, म्हणून गटाच्या नावाने लेखी करार आणि प्रवाशांची यादी गाडीत ठेवा. वाटेत बोरीला हात दाखवणाऱ्याला पैसे घेऊन बसवलं की ते स्टेज कॅरेजचं (थांब्याथांब्यावर माणशी भाडं घेणाऱ्या बसचं) काम झालं, परमिटचा भंग. चालकाला हे पहिल्याच दिवशी सांगा. फिटनेस, पीयूसी, प्रवाशांसह विमा आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती घेऊन मुदती वहीत लिहून ठेवा.

कोणी पांढऱ्या पाटीच्या खासगी कारने माणशी भाडं घेऊन नेतो म्हणाला तर नको म्हणा. खासगी कारच्या विम्यात भाड्याने वापर वगळलेला असतो, अपघात झाला तर दावा अडतो. चौघांनी कार वाटून घ्यायची असेल तर आठवड्याला एकेकाची गाडी काढा. पैसे हातात घ्यायचा प्रश्नच उरत नाही.

वेर्णा फेज ४
पैसे महिन्यावर आणि सीटवर वाटा, हजेरीवर नको. हजेरीवर वाटले की चौघं रजेवर गेले त्या दिवशी बाकीच्यांचा भार वाढतो, कुरबुर होते आणि चतुर्थीनंतर गट मोडतो. भाडं १७ ने भागू नका, १३ ने भागा. जास्तीची सीट भरली की ते पैसे राखीव निधीत टाका.

थांबे मोजके ठेवा: फर्मागुडी, कुर्टी, तिस्क, बोरी. प्रत्येक थांब्यावर दोन मिनिटं, त्यापुढे गाडी हलणार. हा नियम एकदा सैल झाला की शेवटच्या थांब्यावरचा माणूस रोज दहा मिनिटं उभा राहतो आणि तोच आधी कारकडे परततो. वसाहतीच्या आतही प्रत्येक फाटकापर्यंत गाडी नेऊ नका. तीन जागा ठरवा, पुढचे तीन-चारशे मीटर चालत जा.

आणि चालकाच्या बसण्याची सोय बघा. एप्रिल-मेच्या उन्हात सावली नसेल तर तो एसी लावून गाडीतच बसणार, आणि उभ्या गाडीत तासाला लिटरभर डिझेल सहज जातं. रिकामे ६० किमी टाळून वाचवलेलं डिझेल दुपारी तीनपर्यंत संपतं. एखाद्या कंपनीच्या सुरक्षा केबिनजवळ पंखा, पाणी आणि शौचालयाची परवानगी काढा. त्याचा तो हक्कच आहे.

कुर्टीकर
फार उपयोग झाला, आभार. कारवाल्यांशी बोललो. सगळ्यांची अडचण एकच: ओव्हरटाइम लागला किंवा घरून अचानक बोलावणं आलं तर परत कसं यायचं? यावर काय करता येईल? आणि दोघं जण विजेची स्कूटर घेतो म्हणतात, त्यांना ट्रॅव्हलरमध्येच ओढावं का?

चाक आणि हिशेब
विजेच्या स्कूटरवाल्यांना ओढू नका. ५० किमीला सॉकेटवर दीडेक युनिट लागतं. कोळशाच्या वीजकेंद्रात तेवढ्या विजेसाठी तिप्पट उष्णता जळते असं धरलं तरी साडेचार, म्हणजे भरलेल्या ट्रॅव्हलरपेक्षा थोडंच जास्त. त्यांच्या सीटवर कारवाला बसला तर फायदा कितीतरी मोठा.

ओव्हरटाइमसाठी राखीव निधीतून टॅक्सी द्या. नियम लेखी हवा: महिन्याला माणशी दोनदा, अचानक आलेलं काम किंवा घरची निकड असेल तेव्हाच, पावती व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकायची. एकाच वेळी दोघं अडकले तर एकच टॅक्सी. हमी आहे एवढं कळलं तरी कार घरी ठेवायला माणूस तयार होतो, आणि प्रत्यक्षात ती क्वचितच वापरली जाते. ओव्हरटाइम आधीच ठरलेला असेल तर मात्र टॅक्सी नको. त्या दिवशी त्याने मडगावपर्यंत बसने आणि तिथून फोंड्याच्या बसने यावं, शेवटची बस चुकणार असेल तरच निधी. आणि हे सगळं ठरवून झाल्यावरच गाडीवाल्याला आगाऊ रक्कम द्या, पहिला करार तीन महिन्यांचाच करा.