‘ट्रॉमा’ला मराठीत काय म्हणावं? आघात, सल, धसका, व्रण

प्रश्न: कुमारवयीन पात्रांच्या कादंबरीवर लेख लिहायचाय. ‘हिडन चाइल्डहूड ट्रॉमा’साठी ‘बालपणीचा छुपा आघात’ लिहिलं, पण कानाला खटकतं. दुसरं काही?

– १ –
खटकतं ते ‘छुपा’मुळे. छुपा म्हणजे कुणीतरी मुद्दाम लपवलेला: छुपा कॅमेरा, छुपा हेतू. इथे पात्राला स्वतःलाच पत्ता नसतो. ‘दडलेला’ घ्या. आणि ‘बालाघात’ असा जोडशब्द तेवढा करू नका, लोक मध्य प्रदेशातलं बालाघाट वाचतील.

– २ –
‘सल’ का नको? ‘बालपणीचा सल’ किती सहज वाटतं.

– ३ –
सहज वाटतं, पण सल सलतो, म्हणजे तो ज्याचा त्याला जाणवत असतो. स्टीफन चबॉस्की यांची ‘द पर्क्स ऑफ बीइंग अ वॉलफ्लॉवर’ (१९९९) ही कादंबरी घ्या. तिचा नायक चार्ली. त्याची हेलन मावशी त्याच्या वाढदिवसाची भेट आणायला गेली आणि गाडीच्या अपघातात वारली. ‘माझ्यामुळे गेली’ हे त्याच्या डोक्यात कायम आहे, तो सल. त्याच मावशीने लहानपणी त्याचं लैंगिक शोषण केलं होतं, हे मात्र त्याला अगदी शेवटी उमगतं. त्याला सल म्हणता येत नाही. तिथे ‘आघात’च हवा, आणि विसरण्याच्या क्रियेला मानसशास्त्रातला ‘दमन’. दमन नकळत होतं. कळून-सवरून आठवण बाजूला सारणं म्हणजे ‘दडपणं’. परीक्षणांत या दोन्हींची सर्रास सरमिसळ होते. मग पात्र खोटं बोलत होतं असा अर्थ निघतो, आणि चार्लीवर तो अन्याय आहे.

– ४ –
‘धसका’ही जपून वापरा. तो कशाचा तरी असतो: पाण्याचा धसका, परीक्षेचा धसका. कारण माहीत नसताना मूल स्पर्शाने आक्रसतं, मध्येच बधिर होतं, तेव्हा धसका लिहिलं तर लेखकाने शेवटपर्यंत राखलेलं रहस्य तुम्ही पहिल्याच परिच्छेदात फोडता. तिथे नाम शोधूच नका, क्रियापदं वापरा: दचकतो, गप्प होतो, हरवतो.

– २ –
मग व्रण, ओरखडा?

– ४ –
व्रण मराठी वापरात बहुधा भरलेल्या जखमेची खूण, म्हणून शेवटच्या प्रकरणाबद्दल बोलताना चालेल. ओरखडा शोषणासाठी फारच हलका. ‘धक्का’ तर त्या क्षणापुरताच.

– १ –
निदानाबद्दल लिहायचं असेल तर ‘पीटीएसडी’, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक आजारासाठी रुळलेली संज्ञा ‘आघातोत्तर ताण विकृती’. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत ती १९८०च्या तिसऱ्या आवृत्तीत आली. कादंबरीत निदान लिहिलेलं नसेल तर पात्राला ती चिकटवू नका.

– ३ –
जाता जाता, ‘कमिंग-ऑफ-एज नॉव्हेल’साठी ‘वयात येण्याची कादंबरी’ टाळा. मराठीत मुलगी वयात येते म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ‘जडणघडणीची कादंबरी’ म्हणा. तुमचं वाक्य मग असं होईल: ‘या जडणघडणीच्या कादंबरीत बालपणीचा आघात नायकाच्या आठवणीतून पुसला गेलाय, वागण्यातून नाही.’