दोन लहान मुलं, एक आजी आणि महिन्याचे दीड हजार: कुठे जावं?

चिंचवडची_गृहिणी

आम्ही घरात पाच जण. नवरा, मी, सासूबाई (वय ७६), मुलगा सात वर्षांचा आणि मुलगी साडेतीन वर्षांची. चारचाकी नाही. नवऱ्याची कंपनी भोसरीला, त्यांची सुट्टी गुरुवारी, शाळेची रविवारी. महिन्यातून एखादा रविवार ते रजा टाकून मिळवतात. सगळे एकत्र घरी असण्याचा तेवढाच दिवस, तो नुसता घरात जाऊ नये असं मला फार वाटतं.

गेल्या महिन्यात आम्ही शहराबाहेरच्या एका वॉटर पार्कमध्ये गेलो. भाड्याची गाडी, प्रवेश, लॉकर, आत घरचा डबा न्यायला मनाई, असं करत पाच हजारांच्या वर गेले. मुलगी पाण्याच्या आवाजाला घाबरली आणि दिवसभर माझ्या कडेवरून उतरली नाही. सासूबाई सहा तास प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून होत्या, एका शब्दाने तक्रार केली नाही. येताना वाटेत ओढ्यात कुणीतरी म्हशी धूत होतं, मुलगा म्हणाला, "आई, इथे थांबू या ना." ड्रायव्हरला पुढची वर्दी होती, थांबता आलं नाही. ते मला अजून लागून राहिलंय.

सारसबाग, पेशवे पार्कातली फुलराणी, कात्रजचं प्राणिसंग्रहालय, आपल्या मोरया गोसावींचा घाट, हे सगळं दोन-दोन वेळा झालंय. आता जरा लांब, पण एका दिवसात जाऊन येण्यासारखं काही सांगाल का? पाच जणांचे मिळून दीड हजार, त्यापलीकडे नाही. मुलाला बस लागते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण त्यांना घरी ठेवून जायचं नाही, हे नक्की.

निवृत्त_वाहक

ताई, मी तीस वर्षं एसटीत वाहक होतो. तुमचा प्रश्न वाचला आणि आधी तुमच्या घरच्या तिकिटांचा हिशेब केला, तो सांगतो.

तुमचे यजमान: पूर्ण तिकीट. तुम्ही: अर्धं. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत निम्मं भाडं आहे, राज्यात कुठेही जा. मुलगा सात वर्षांचा, म्हणजे पाच ते बारामधला, त्याचं अर्धं. मुलगी पाचच्या आतली, तिला तिकीट नाही. आणि सासूबाईंना पंचाहत्तर पूर्ण झालेली आहेत, त्यांचा प्रवास मोफत. म्हणजे माणसं पाच आणि पैसे दोन तिकिटांचे. इतक्या स्वस्तात तुमची स्कूटरसुद्धा तुम्हाला कुठे नेणार नाही. सासूबाईंचं आधार कार्ड तेवढं पिशवीत वर ठेवा. माझ्या गाडीत कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी ते घरी विसरून पूर्ण तिकीट काढलेलं आहे, आणि ते फाडताना मला कधीच बरं वाटलं नाही.

जागा सांगायची तर वाई. स्वारगेटहून वाईच्या गाड्या आहेतच, शिवाय महाबळेश्वरला जाणाऱ्या वाईवरूनच जातात. सकाळी सहा-साडेसहाची धरा. वाईच्या स्टँडवरून गणपतीचा घाट चालत जाण्यासारखा आहे. ढोल्या गणपतीचं देऊळ रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. मुलांना आधी मागच्या बाजूला न्या. देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, कृष्णेचा पूर आला की पाणी तिच्यावर आपटून दोन्हीकडे फाटतं आणि देऊळ उभं राहतं. सात वर्षांच्या मुलाला हे बरोबर कळतं. मूर्ती तर एवढी मोठी की बघणारा मान वर करतो. सासूबाईंना घाटाच्या वरच्या पायरीवर बसवा, नदी, माणसं सगळं दिसतं.

तिथून मेणवली तीन-चार किलोमीटर, रिक्षा करा. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट, आणि घाटावर एका छोट्या देवळात टांगलेली भली मोठी पोर्तुगीज घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तिथून आलेली ही घंटा. तिच्यावर बाळाला घेतलेली मेरी कोरलेली आहे. ती मुलांना शोधू द्या, तुम्ही दाखवू नका.

बस लागण्याबद्दल: मागची सीट घेऊ नका आणि चाकावरचीही नको. चालकाच्या पाठीमागच्या दोन-तीन रांगांत खिडकी. निघण्याआधी दूध देऊ नका, कोरडी पोळी किंवा भाकरी चालेल. कात्रजला आणि खंबाटकीला मुलाला मोबाइल देऊ नका, लांबचा डोंगर बघायला सांगा. प्लॅस्टिकची पिशवी हातात ठेवा, बॅगेत नको.

दोन_मुलांची_आई_वाकड

वाई छानच. पण सासूबाई कधी माहेरी-गावी गेल्या असतील तर भाजे लेणी करून बघा. चिंचवडहून लोणावळा लोकल, मळवलीला उतरायचं, माणशी दहा-पंधरा रुपयांत काम होतं. द्रुतगती मार्गावरच्या पुलावरून पलीकडे गेलं की भाजे गाव. तिथून पायऱ्या आहेत, माझा चार वर्षांचा मुलगा थांबत थांबत चढला. पुरातत्त्व खात्याच्या तिकिटात पंधरा वर्षांखालच्या मुलांना पैसे नाहीत. चैत्याच्या छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत, आणि एका बाजूला दगडी स्तूपांची रांगच आहे. माझी मुलं ते चौदा स्तूप मोजत बसली, दर वेळी आकडा वेगळा यायचा.

दोन गोष्टी मात्र. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिकडे अजिबात जाऊ नका, गर्दीत लहान मूल हातातून सुटतं. आणि दुपारी मधे बराच वेळ लोकल नसते, परतीची वेळ आधीच लिहून घ्या. आम्ही मळवलीच्या फलाटावर दीड तास काढला आहे, तेही पाणी संपलेलं असताना.

स्वच्छतागृहाचं म्हणाल तर मी घरून निघताना, स्टेशनवर आणि जेवायच्या ठिकाणी, असं तिन्हीकडे मुलांना नेतेच, लागलेली असो वा नसो.

अलिबागकर

माझं सांगणं एका दिवसाचं नाही, पण दोन-तीन महिने पैसे साठवलेत तर एक मुक्काम करून अलिबागला या. नाताळ ते एक जानेवारी सोडून. त्या आठवड्यात इथल्या खोल्यांचे दर आम्हालाच परके वाटतात. नागाव, वरसोलीला घरगुती खोल्या आणि ताटावर जेवण मिळतं. दोन मोठी ताटं आणि मुलांना साधा वरणभात वेगळा मागितला तरी कुणी नाही म्हणत नाही.

खरं लिहायचंय ते कुलाबा किल्ल्याबद्दल. ओहोटीला किल्ल्यात चालत जाता येतं. समुद्राच्या तळावरून आपण चाललो, हे मूल आयुष्यभर विसरत नाही. मी स्वतः पाच वर्षांचा असताना आजोबांचं बोट धरून गेलो होतो, पायाखालची ती वाळूची नक्षी अजून आठवते. आत सिद्धिविनायकाचं देऊळ आहे आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर आहे.

पण भरतीची वेळ काढता आल्याशिवाय लहान मुलांना घेऊन तिकडे वळू नका. आमच्याकडे हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, पक्ष शुक्ल असो वा कृष्ण. द्वादशी असेल तर बारा पाऊणे नऊ, म्हणजे नऊच्या सुमारास भरती आणि साधारण सहा तासांनी, दुपारी तीनला, ओहोटी. तृतीयेला सव्वादोनला भरती, म्हणून सकाळी साडेआठच्या आसपास ओहोटी. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, तेव्हा पाणी पुरतं मागे हटत नाही, त्या दिवसांत चालत जायचा हट्ट नको. अमावास्या-पौर्णिमेच्या जवळ उधाण, तेव्हा वाळू लांबवर उघडी पडते, पण भरतीही तितक्याच जोरात येते. हिशेब ढोबळ आहे, किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांना विचारून खात्री करा. ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि पाणी फिरलं की देवळातली आरती अर्धी सोडूनसुद्धा परत या. पावसाळ्यात नकोच.

चिंचवडची_गृहिणी

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, सासूबाईंना तुमचा तिकिटांचा हिशेब वाचून दाखवला, त्यांनी तो परत वाचायला लावला. मोफत प्रवास साध्या गाडीतच की सगळ्या?

निवृत्त_वाहक

एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत आहे. फक्त शहर बसला तो नियम लागू नाही, ती महापालिकांची वेगळी. आणि रविवारी परतीला चारच्या पुढे थांबू नका. महाबळेश्वरहून भरून आलेल्या गाडीत वाईला जागा मिळत नाही. वाईतूनच सुटणारी गाडी बघा, चौकशी खिडकीवर सकाळी उतरल्या उतरल्या विचारून ठेवा.

चिंचवडची_गृहिणी

काल वाईला जाऊन आलो. पिंपरीहून मेट्रोने स्वारगेट, तिथून एसटी. काका, वाहकाने तिकिटं फाडली तेव्हा सासूबाईंनी आधार कार्ड असं पुढे धरलं, जणू बक्षीस घ्यायला उभ्या आहेत. मुलाला तिसऱ्या रांगेत खिडकी मिळाली. खंबाटकीत तो गप्प झाला होता, पण उलटी झाली नाही. नऊ वर्षांच्या संसारात एसटीने केलेला माझा हा पहिलाच प्रवास, ज्यात मला कुणाचं काही पुसावं लागलं नाही.

गणपतीच्या मागची भिंत बघून मुलाने विचारलं, "पूर आला की मासा पोहतो का?" मुलगी घाटाच्या पायऱ्या चढत-उतरत राहिली, एक तास, फक्त पायऱ्या. मी तिला अडवलं नाही, पाण्याकडच्या बाजूला तेवढी मी बसून राहिले. जेवण घरचंच: पोळ्या, बटाट्याची भाजी, चटणी. घाटावर पेपर अंथरून खाल्लं. सासूबाईंच्या शेजारी वाईच्याच एक आजी येऊन बसल्या आणि दोघींनी एकमेकींच्या गुडघ्यांची सगळी औषधं तपासली.

मेणवलीच्या घंटेवरची मेरी मुलीला आधी सापडली. तिने हात लावून सांगितलं, "ही आई आहे." ते कुणी तिला सांगितलं नव्हतं.

मेट्रो, एसटी, मेणवलीची रिक्षा, दोन वेळचा चहा आणि मुलांना एकेक कणीस, सगळं मिळून १२१० रुपये. येताना रस्त्याकडेला म्हशी नव्हत्या, पण वाईला नदीत एक म्हैस डुंबत होती. मुलगा तिच्यासमोर पाऊण तास बसला, आणि आम्हीही बसलो, कारण कुणाची गाडी थांबलेली नव्हती.

अलिबागकर दादा, आता तुमच्यासाठी. सासूबाईंना पाऊणकी अजून तोंडपाठ आहे. रात्री त्यांनी भिंतीवरची दिनदर्शिका काढून नातवाला शेजारी बसवलं: एक पाऊण पाऊण, दोन पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन, चार पाऊणे तीन. चतुर्थीचं आमचं उत्तर असं: तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊ-सव्वानऊला ओहोटी. आदल्या रात्री मुक्कामाला आलो तर आठला किनाऱ्यावर उभं राहावं ना?