पुणे विद्यापीठाच्या विभागात एम.ए.साठी येण्यापूर्वी काय माहीत असावे?

तोरणमाळ:
नमस्कार. मी नंदुरबार जिल्ह्याच्या तळोदा तालुक्यातील विद्यार्थिनी असून यंदा बी.ए. (अर्थशास्त्र) ची अंतिम परीक्षा दिली आहे. आमचे महाविद्यालय जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात एम.ए. करावे असे मनात असून प्रवेश परीक्षेचा अर्जही भरला आहे. माहितीपत्रक दोनदा वाचले, परंतु तिथला विद्यार्थी सकाळपासून रात्रीपर्यंत काय करतो, हे त्यातून कळत नाही. आमच्याकडे काही अडले तर शिपाईकाकाच कोणत्या खिडकीवर जायचे ते सांगतात. एवढ्या मोठ्या ठिकाणी कोणाला विचारायचे? माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे, मी अनुसूचित जमाती प्रवर्गातील आहे, आणि वसतिगृह न मिळाल्यास पुण्याचा खर्च कसा भागवायचा ही घरच्यांची मुख्य काळजी आहे. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

खिंडीतला:
सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण बाहेरगावच्या अनेकांचा इथेच गोंधळ होतो. १९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक असे तीन जिल्ह्यांचे आहे आणि त्याचे बहुसंख्य विद्यार्थी संलग्न महाविद्यालयांत शिकतात. त्यांतील कित्येकांचा पुण्यातील गणेशखिंडीच्या मुख्य आवाराशी गुणपत्रिकेच्या कामापुरताच संबंध येतो. तुम्ही ज्या विभागात येऊ पाहता तो आवारातला आहे, म्हणजे तिथले शिकवणे, अंतर्गत मूल्यमापन आणि वेळापत्रक बहुतांशी विभाग स्वतः पाहतो. त्यामुळे ‘पुणे विद्यापीठात असे असते’ असे कोणी सांगितले, तर सांगणारा आवारातला की महाविद्यालयातला, हे आधी विचारून घ्यावे.

अभ्यासाच्या बाबतीत सर्वांत मोठा फरक अंतर्गत गुणांचा जाणवतो. विभागांमध्ये ४ श्रेयांकांच्या (क्रेडिट्सच्या) विषयाला १०० गुण असतात आणि त्यांपैकी निम्मे सत्रभर चालणाऱ्या चाचण्या, निबंध, सादरीकरणे यांना दिले जातात. आपल्याकडच्या बी.ए.ची सवय अशी की, ऑगस्ट-सप्टेंबर गणपती-नवरात्रात जातात आणि परीक्षेच्या तोंडावर गाइड उघडले जाते. इथे गणपती येईपर्यंत पहिली चाचणी होऊन गेलेली असू शकते. दुसरे म्हणजे, शिक्षक वाचनाची यादी देतात आणि पुढच्या तासाला ते वाचलेले आहे असे धरून बोलतात. वाचले का, असे कोणी विचारणार नाही. माझ्या मते मोठ्या विद्यापीठाचा स्वभाव एवढ्यात आला: कोणी तुमच्याशी वाईट वागत नाही, फक्त आपणहून कोणी विचारत नाही. सूचनाफलक रोज पाहणे, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात पहिल्या दिवशीच सामील होणे आणि न समजलेले शिक्षकांच्या खोलीचे दार वाजवून विचारणे, ही तीन कामे ज्याची त्याने करायची असतात. दार वाजवल्यावर मात्र बहुतेक शिक्षक अर्धा-अर्धा तास देतात. विद्यार्थीच जात नाहीत.

माध्यमाविषयी खोटा धीर देत नाही. अर्थशास्त्रातील व्याख्याने आणि वाचन बव्हंशी इंग्रजीत असते. उत्तरपत्रिका मराठीत लिहिण्याची मुभा कोणत्या विषयात आहे, हे विभागाकडून लेखी स्वरूपात जाणून घ्यावे, वरच्या वर्गातील विद्यार्थ्याच्या तोंडी सांगण्यावर राहू नये. मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी पहिल्या सत्रात गप्प बसतात, असे मी पाहिले आहे. अडचण समजण्याची कमी आणि बोलण्याची जास्त असते. जयकर ग्रंथालयात त्याच विषयावरचे मराठी पुस्तक आणि इंग्रजी पुस्तक शेजारी ठेवून एकेक प्रकरण वाचणे, हा कंटाळवाणा परंतु खात्रीचा उपाय आहे.

टेबल क्र. ४:
मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात नोकरी करून निवृत्त झालो आहे, तेव्हा कागदपत्रांविषयी लिहितो. आपण एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात येत आहात, म्हणून शाळा सोडल्याच्या दाखल्याप्रमाणेच महाविद्यालय सोडल्याचा दाखला तर लागेलच, शिवाय आपल्या मूळ विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘मायग्रेशन’ म्हणतात, तेही लागेल. निकाल लागताच जळगावला त्यासाठी अर्ज करावा. प्रवेश तात्पुरता मिळतो, वर्ग सुरू होतात आणि हा कागद मागे राहतो. मग पात्रतेचे (विद्यापीठाकडून प्रवेश पक्का होण्याचे) प्रकरण अडते आणि त्यापायी पुढे गुणपत्रिका अडकून पडू शकते. महाविद्यालय सोडल्याचा मूळ दाखला एकदा जमा केला की परत मिळत नाही, म्हणून त्याच्या छायाप्रती आधीच काढून ठेवाव्यात आणि स्कॅन करून मोबाइलमध्येही ठेवाव्यात. छायाप्रती स्वसाक्षांकित चालतात. राजपत्रित अधिकाऱ्याच्या मागे फिरण्याचे दिवस गेले.

नावाचे स्पेलिंग दहावीची गुणपत्रिका, आधार, जातीचा दाखला आणि पदवीची गुणपत्रिका या चारही ठिकाणी एकच आहे का, ते आजच ताडून पाहावे. वडिलांच्या नावात एका अक्षराचा फरक असला तरी ऑनलाइन अर्ज परत येतो. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून चालू आर्थिक वर्षाचा घ्यावा. जमातीचे वैधता प्रमाणपत्र असल्यास उत्तम. नसल्यास पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती तरी हाताशी असावी.

शिष्यवृत्तीचा अर्ज ‘महाडीबीटी’ या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर भरायचा असतो. रक्कम आधार जोडलेल्या खात्यातच जमा होते, आणि गोंधळ नेमका इथे होतो: विद्यार्थी एका बँकेचे पासबुक जोडतो, आधार जोडलेले असते लहानपणी काढलेल्या दुसऱ्याच खात्याला, आणि ‘पैसे आले नाहीत’ म्हणून वर्षभर चौकशी चालू राहते. आधारला कोणते खाते जोडले आहे, हे गाव सोडण्यापूर्वी बँकेत जाऊन पक्के करावे.

वसतिगृहासाठी आपल्याला दोन वाटा आहेत. विद्यापीठाचे वसतिगृह ही एक, आणि आदिवासी विकास विभागाचे शासकीय वसतिगृह ही दुसरी. दोन्हीकडे अर्ज करावा. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. तीत भोजन, निवास आणि निर्वाह यांसाठी थेट खात्यात रक्कम जमा होते आणि पुण्यासारख्या शहरासाठी ती वर्षाला ६०,००० रुपये ठरवलेली आहे. पुण्याचे काम तळोद्याच्या नव्हे, तर घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे येते, हे लक्षात ठेवावे. ही रक्कम हप्त्यांनी आणि बहुधा उशिरा येते, म्हणून पहिल्या तीन-चार महिन्यांची सोय घरून करूनच निघावे.

औंध रोड:
मी सध्या आवारातच संशोधन करते आहे. आधीच्या प्रतिसादांत राहण्याखाण्याचा विषय पुरेसा आला नाही, म्हणून लिहिते.

विद्यापीठाचे वसतिगृह सर्वांना मिळत नाही. यादी गुणवत्ता आणि आरक्षण यांनुसार लागते आणि ती वर्ग सुरू झाल्यानंतरही लागू शकते. मधल्या काळात मुली औंध, खडकी, मॉडेल कॉलनी, गोखलेनगर या भागांत ‘कॉट बेसिस’वर राहतात. म्हणजे खोली तीन-चार जणींची, तुमच्या वाट्याला एक लोखंडी कॉट, कपाटाचा एक कप्पा आणि चार्जिंगसाठी वाटून घेतलेला प्लग. पैसे देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत: अनामत रक्कम किती व ती परत केव्हा मिळेल, वीजबिल भाड्यात आहे की वेगळे, रात्री दार किती वाजता बंद होते, आणि महिना संपण्यापूर्वी सोडल्यास काय. अनामत रकमेची पावती देत नसतील तर निदान ऑनलाइन पैसे पाठवावेत, म्हणजे नोंद राहते. दलालामार्फत शक्यतो जाऊ नये. विभागातील मुलींना विचारले तर रिकामी कॉट सहज कळते.

पुण्यातील वसतिगृहांत ‘पॅरासाइट’ हा शब्द तुमच्या कानावर पडेल. ज्याला जागा मिळालेली नाही असा विद्यार्थी मित्राच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून राहतो, त्याला तसे म्हणतात. गरजेपोटी हे घडते आणि मला त्यात कोणाला नावे ठेवायची नाहीत, परंतु तपासणीत सापडल्यास ज्याच्या नावावर खोली आहे त्याचीही जागा जाऊ शकते, हे मैत्रिणीकडे शब्द टाकण्यापूर्वी जाणून असावे.

जेवणासाठी आवारात रिफेक्टरी (भोजनगृह) आहे, अनिकेत कँटीन आहे. बाहेर मेस लावायची असल्यास आधी दोन-तीन दिवस सुटे पैसे देऊन जेवून पाहावे. आवार ४११ एकरांचे आहे. मुख्य प्रवेशद्वारापासून काही विभाग आणि वसतिगृहे बरीच लांब पडतात, त्यामुळे जुनी सायकल घेतलीत तर रोजचा वेळ वाचेल. विद्यापीठ चौकात वाहतूक तुंबलेली असते, म्हणून चाचणीच्या दिवशी बसने येणाऱ्यांनी वेळ हातात ठेवूनच निघावे. संध्याकाळनंतर झाडीतले आतले रस्ते सुने होतात. तिथून एकटीने न जाता सोबतीने जावे, ही सूचना नव्हे, आमची नेहमीची पद्धत आहे.

शक्य झाले तर विभागाबाहेरही वावरा. ललित कला केंद्राच्या अंगणमंचावर विद्यार्थ्यांचे प्रयोग होतात, आवारातच ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे आणि तिथे सर्वांसाठी खुली व्याख्याने होतात. इतके सारे चालत जाण्याच्या अंतरावर असताना दोन वर्षे खोली ते वर्ग एवढ्यातच काढणारेही मी पाहते आणि मला त्याचे फार वाईट वाटते.

गोदाकाठ:
वेगळे मत मांडतो. मी नाशिकच्या एका संलग्न महाविद्यालयातून एम.ए. केले. पदवी त्याच विद्यापीठाची मिळाली, घरी राहिलो, वर्ग तीस जणांचा होता. केवळ ‘आवारात शिकलो’ म्हणण्यासाठी कर्ज काढून पुणे गाठू नये. दुसरे असे की, एम.ए.ला नाव घालून प्रत्यक्षात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे पुष्कळ असतात. त्यांना वसतिगृह आणि अभ्यासिका हवी असते, विषय नव्हे. अशांच्या संगतीत पडल्यास ना धड एम.ए. होते, ना एमपीएससी.

खिंडीतला:
गोदाकाठ यांच्या पहिल्या मुद्द्याशी मी निम्मा सहमत आहे. नुसती पदवी हवी असेल तर आवाराची गरज नाही. परंतु राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२३ पासून लागू झालेल्या एम.ए.च्या नव्या रचनेत पहिल्याच वर्षी संशोधन पद्धती हा विषय आणि प्रत्यक्ष कार्यानुभव किंवा क्षेत्रीय प्रकल्प, तर दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प आहे, आणि या कामांसाठी मार्गदर्शक, ग्रंथालय आणि जर्नल्स जवळ असणे मोलाचे ठरते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला तर पुण्यात गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयही आहे. ती संस्था वेगळी, विद्यापीठाचा भाग नव्हे. तिथे वाचनाची परवानगी कशी मिळते, हे विभागातून पत्र घेऊन विचारावे. पहिल्या वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय नव्या रचनेत असल्याने, पुणे मानवलेच नाही तरी ते वर्ष वाया जात नाही.

स्पर्धा परीक्षेविषयी त्यांचे निरीक्षण खरे आहे. माझे मत विचाराल तर दोन्ही करता येते, पण एका वेळी एकच मुख्य हवे. तुम्हाला अध्यापनाकडे वळायचे असेल, तर दुसऱ्या वर्षापासून ‘सेट’ची, म्हणजे सहायक प्राध्यापकपदासाठीच्या राज्य पात्रता परीक्षेची, तयारी धरावी. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ही परीक्षा हेच विद्यापीठ घेते आणि तिचा दुसरा पेपर तुमच्या विषयाचाच असतो, त्यामुळे ती तयारी एम.ए.च्या अभ्यासाला आडवी येत नाही.

तोरणमाळ:
सर्वांचे मनापासून आभार. आधारला जोडलेले खाते कोणते ते आज बँकेत विचारले. ते खरोखरच आश्रमशाळेत असताना काढलेले जुने खाते निघाले. आणखी दोन शंका आहेत. ‘कमवा व शिका’ योजनेचा अर्ज कधी करावा? आणि प्रवेशापूर्वीच्या या दीड-दोन महिन्यांत नेमका कोणता अभ्यास करावा?

औंध रोड:
कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची ही योजना विद्यार्थी विकास मंडळामार्फत चालते. सत्र सुरू झाल्यावर सूचना निघते आणि अर्ज विभागातून जातो. ग्रंथालय, कार्यालये, विभाग, उद्यान अशा ठिकाणी दिवसाला काही तास काम असते आणि तासाप्रमाणे मानधन मिळते. त्यातून मेसचा बराचसा भार हलका होतो, सगळा खर्च निघत नाही. पहिल्या सत्रात सकाळचे काम मागून घ्यावे. दुपारच्या तासांनंतर काम घेतले की ग्रंथालयाची वेळ त्यात जाते. या योजनेत काम करतो हे लपवणारे विद्यार्थी पूर्वी असत, आता फारसे दिसत नाहीत.

खिंडीतला:
अभ्यासाचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर गणित. कला शाखेतून आलेल्यांची दमछाक सूक्ष्म अर्थशास्त्रात होते ती सिद्धान्तामुळे नव्हे, तर फळ्यावर अवकलन (डिफरन्सिएशन) सुरू होते म्हणून. तळोद्यात ११वी-१२वी वाणिज्य शाखेची गणिताची मराठी पुस्तके मिळतील. बालभारतीच्या संकेतस्थळावरही ती मोफत आहेत. त्यांतील फलन (फंक्शन), अवकलन, त्याचे अर्थशास्त्रातील उपयोग आणि आव्यूह (मॅट्रिक्स) ही प्रकरणे उदाहरणांसह सोडवावीत. संख्याशास्त्रात सहसंबंध (कोरिलेशन) आणि प्रतिगमन (रिग्रेशन) एवढे करून आलात तरी पुरे. रोज दोन तास बसलात तर जुलैपर्यंत होईल. अडलेली उदाहरणे इथेच टाका, मी पाहीन.