हीटर थंड, इंजिन ठणठणीत – डॅशबोर्ड खोलावाच लागेल का?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. लातूरहून बदली होऊन शिमल्याला आलोय, गाडीही बरोबर आणली आहे. २०१४ ची डिझेल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. लातुरात हीटरच्या बटणाला कोण हात लावतो! इथे मात्र सकाळी काच आतून धुरकट होते आणि ब्लोअर पूर्ण सोडला तरी नुसती कोमट हवा येते. टेंपरेचरचा काटा नेहमीच्या जागी, मध्यावर. टाकीत कूलंट मिन आणि मॅक्सच्या मध्ये आहे, पण रंग चहासारखा. आधीच्या मालकाने काय काय ओतलंय देव जाणे.

इथला गॅरेजवाला म्हणतो, हीटर कोर (गरम कूलंटने आतली हवा तापवणारा डॅशबोर्डमागचा भाग) चोक म्हणजे तुंबलेला आहे, डॅशबोर्ड उतरवून नवा टाकू. खर्चाचं सोडा, पण एकदा खोललेला डॅशबोर्ड नंतर कुरकुरतोच. तर चोकच आहे हे नक्की कसं ओळखायचं? न खोलता साफ होतो का? आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं?

घाटातला_गडी
थर्मोस्टॅट बदला. शंभर टक्के तोच.

पाना_पक्कड
गडीभाऊ, थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ती उघडी अडकली असती तर काटा वर चढलाच नसता. इथे तो मध्यावर आहे, म्हणजे इंजिन नीट तापतंय; गरम कूलंट हीटरपर्यंत पोचत नाहीये किंवा हवा त्यावरून जात नाहीये.

मांजराकाठ, आधी फुकटातली तपासणी करा. इंजिन चांगलं तापू द्या, हीटर पूर्ण गरमवर ठेवा. बॉनेट उघडलं की इंजिनामागच्या पत्र्यातून आत जाणारे दोन रबरी पाइप दिसतील. पंखा-बेल्टपासून हात लांब ठेवून दोन्ही पाइप जपून चाचपा. दोन्ही कडक गरम असतील तर कोर ठीक आहे, आतली हवा वळवणारी झडप किंवा तिची केबल बघा. एक गरम आणि दुसरा गार असेल तर कोर तुंबलाय किंवा आत हवा अडकली आहे. हवा असेल तर बहुधा डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येते. रेस केल्यावर गरम आणि उभ्या गाडीत गार, असं होत असेल तर कूलंट कमी आहे, हवा आहे किंवा पंप दमलाय.

हीटर कोर म्हणजे छोटा रेडिएटरच, पण नळ्या बारीक. म्हणून गाळ तिथे आधी अडकतो आणि मोठा रेडिएटर तोवर काम रेटत राहतो. हा गाळ येतो कुठून? गॅरेजात बोअरचं पाणी ओततात, त्याचे क्षार बसतात. त्यात गंजरोधक नसल्याने इंजिनातलं बीड (ओतीव लोखंड) गंजतं. वर दोन वेगळ्या जातीचे कूलंट एकत्र आले की कधीकधी चिकट लगदा होतो. आणि गळती थांबवणारी ती पावडर! ती भोक कुठलं आणि नळी कुठली ते बघत नाही.

न खोलता साफ होतो, बहुतेक वेळा. इंजिन पूर्ण गार असताना दोन्ही पाइप सोडा आणि बागेचा पाइप परतीच्या तोंडाला (जिथून कूलंट कोरमधून इंजिनाकडे परत जातं) लावून उलट्या दिशेने पाणी सोडा, अगदी हलक्या धारेने. कॉम्प्रेसरची हवा नको, अॅल्युमिनियम पातळ असतं. दिशा बदलत राहा, स्वच्छ पाणी येईपर्यंत. पण नुसता कोर धुऊन थांबू नका. रेडिएटर आणि इंजिनाचा ब्लॉकही फ्लश करा म्हणजे पाण्याने धुऊन काढा, नाहीतर तिथला गंज पुन्हा कोरमध्येच येऊन बसेल. जुनं कूलंट गटारात सोडू नका. ते गोड लागतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

बर्फाळ_मिनियापोलिस
एक भर घालते. गाडीत गोडसर वास, काचेवर तेलकट थर किंवा पायाखालची मॅट ओली असेल, तर कोर गळतोय. मग फ्लशने काही होणार नाही, बदलावाच लागेल. जुन्या कोरमध्ये कधीकधी गाळानेच भोक बुजलेलं असतं, धुतल्यावर गळती उघडी पडते. ती तयारी ठेवा.

तोवर काचेसाठी हीटरबरोबर एसी लावा आणि बाहेरची हवा आत घ्या. एसी हवेतला दमटपणा काढतो.

मांजराकाठ
पानादादा, ताई, आभार! वास नाही, मॅट कोरडी. एक पाइप कडक गरम, दुसरा जवळजवळ गार होता. खळखळ नव्हती. गॅरेजवाल्याला पटवून उलटं पाणी सोडलं, तर तांबूस चिखल आणि खपल्या! आता चटका बसेल अशी हवा येते. ब्लॉकही फ्लश केला, सध्या आत साधं पाणी आहे. दुकानदार हिरवं कूलंट देतोय. घेऊ?

पाना_पक्कड
साधं पाणी ठेवून शिमल्यात रात्रभर गाडी उभी करू नका! गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं, ब्लॉकला तडा जाऊ शकतो. आजच भरा.

रंगावर जाऊ नका, रंगाचा काही नियम नाही. गाडीच्या पुस्तिकेत जी जात दिलीय तीच घ्या. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) असेल तर निम्मं डिस्टिल्ड पाणी. इथिलीन ग्लायकॉलचं असं मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं. निव्वळ कॉन्सन्ट्रेट मात्र उणे १३ च्या सुमारासच गोठू लागतं, त्यामुळे जास्त घातलं म्हणजे जास्त चांगलं असं नाही. ब्लॉकमध्ये फ्लशचं पाणी उरलेलं असतं, तेही हिशेबात धरा. भरल्यावर दुकानातल्या हायड्रोमीटरने (घनतेवरून मिश्रणाचं प्रमाण दाखवणारं साधन) तपासून घ्या.

हवा काढायला गाडीचं तोंड चढावर करा (शिमल्यात चढ शोधायची गरज नाही म्हणा). हीटर गरमवर, झाकण गार असतानाच उघडलेलं, बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू. काट्यावर लक्ष असू द्या. नंतर गार झाल्यावर पातळी बघून भरा. तापलेल्या इंजिनाचं झाकण कधीही उघडायचं नाही.

घाटातला_गडी
थर्मोस्टॅट मागे घेतो 😄 पण पानादादा, कूलंट किती वर्षांनी बदलायचं?

पाना_पक्कड
जुन्या पद्धतीचं साधारण २ वर्षांनी, लाँग लाइफवालं ५ च्या आसपास. शेवटी पुस्तिका सांगेल ते. मांजराकाठ, तुम्ही मात्र महिनाभराने टाकीत डोकवा. रंग पुन्हा तांबूस दिसला तर आणखी एक फ्लश लागेल.