मदत हवी आहे: सोर्स ट्रान्सफॉर्मेशन केलं की थेवेनिन व्होल्टेज चुकतंय

सर्किट छोटंच आहे. १२ व्होल्टचा सोर्स, त्याच्या सिरीजमध्ये ६ ओहम, पुढे नोड ए. ए पासून ग्राउंडला ३ ओहम. शिवाय ग्राउंडकडून ए मध्ये करंट ढकलणारा डिपेंडंट सोर्स (ज्याची किंमत सर्किटमधल्या दुसऱ्या करंटवर ठरते), किंमत २ × आयएक्स. आयएक्स म्हणजे ६ ओहममधून ए कडे येणारा करंट. ए आणि ग्राउंडमधलं थेवेनिन (म्हणजे अख्ख्या सर्किटच्या जागी चालेल असा एकच व्होल्टेज सोर्स आणि त्याच्या सिरीजमध्ये एक रेझिस्टन्स) काढायचंय.

नोडल पद्धतीने (नोड ए वर येणाऱ्या-जाणाऱ्या करंटचं समीकरण मांडून) ओपन सर्किट व्होल्टेज ७.२ व्होल्ट, शॉर्ट सर्किट करंट ६ अँपिअर, म्हणजे रेझिस्टन्स १.२ ओहम. सिम्युलेटरही हेच दाखवतो.

मग हौसेने सोर्स ट्रान्सफॉर्मेशन केलं, म्हणजे १२ व्होल्टचा सोर्स आणि सिरीजमधल्या ६ ओहमच्या जागी २ अँपिअरचा करंट सोर्स आणि त्याला पॅरलल ६ ओहम घेतलं. ग्राउंडकडून ए कडे ही दिशा तशीच ठेवून ६ ओहममधला करंट आयएक्स धरला, तर व्होल्टेज थेट २.४ व्होल्ट! गंमत म्हणजे रेझिस्टन्स पुन्हा १.२च येतो, त्यामुळे आकडेमोड चुकली असं वाटत नाही. चिन्हं दोनदा तपासली. डिपेंडंट सोर्स कुठेही बंद केलेला नाही.

नोडलने उत्तर मिळतं हे माहीत आहे, पण मला सोर्स ट्रान्सफॉर्मेशनचीच पद्धत समजून घ्यायचीय. रूपांतरानंतर मूळचा आयएक्स नव्या सर्किटमध्ये नेमका कुठे असतो? की कंट्रोलिंग करंट ज्या फांदीत आहे तिचं रूपांतर करायचंच नसतं?